महाराणी ताराबाई : किल्ले, फौज आणि मुलूख

सेनापती हंबीरराव मोहिते यांची कन्या ताराबाई यांचा जन्म इ. स. १६७५ चा. पती छत्रपती राजाराम. राजारामांचे आजोबा शहाजीराजे यांच्या जहागिरीचे बंगळूर, आज बनशंकरीपर्यंत विस्तारलेले, मोगलांनी १६८७ मध्ये जिंकले आणि लवकरच म्हैसूरच्या चिक्कदेवरायास तीन लाख रुपयांना देऊन टाकले. मुलूख जिंकणे त्यांस अवघड नव्हते. राखणे अवघड होते.

१७०० मध्ये राजाराम निवर्तल्यावर ताराबाईंनी अल्पवयीन पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून कारभार हाती घेतला. औरंगजेबाने १७०३ पर्यंत सातारा, पन्हाळा, विशाळगड व सिंहगड घेतले. काही तर द्रव्य देऊन. परंतु प्रत्येक किल्ल्यावर शिबंदी अडकून पडे, तिला रसद लागे, आणि भोवतालच्या मुलखात चौथाई मराठेच वसूल करीत. ताराबाईंच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला, तेव्हा त्याने घेतलेले अनेक किल्ले मराठ्यांकडे परतले होते.

त्याच वर्षी मोगलांनी शाहूंना मुक्त केले. वारसाचा प्रश्न उभा राहिला, सरदार विभागले आणि खेड येथे ताराबाईंचा पराभव झाला. १७१४ मध्ये कोल्हापुरात त्या पदच्युत झाल्या. १७६१ मध्ये साताऱ्यास निवर्तल्या. पंचवीस वर्षांच्या मोहिमेने न दुभंगलेला मराठा पक्ष एका कैद्याच्या सुटकेने दुभंगला. त्या संघर्षाचे मर्म सैन्यसंख्येत नव्हे, राज्याच्या अधिकारावरील लोकांच्या निष्ठेत होते.