मुंबईत पाऊलही न ठेवता त्यांनी दहा वर्षं मुंबईच्या इन्स्पेक्टर घोटेच्या कादंबऱ्या लिहिल्या

समजा, आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरमध्ये रात्रीतून कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली. तपासाला आलेला पोलीस जवळपासच्या गावातला असेल, तर तो आधी बोटांचे ठसे शोधत बसत नाही. वाटणीवरून कुणाचं कुणाशी वाजलंय, बांध कुणी कोरला, यात्रेत कोण कुणाशी बोललं नाही, हे तो पारावर चहा पिता पिता काढून घेतो. अर्धा तपास तिथंच होतो.

याच एका गोष्टीवर अमेरिकेत टोनी हिलरमन या लेखकानं अख्खी कादंबरीमाला उभी केली. हिलरमन स्वतः गोरे, आधी पत्रकार. पण १९७० पासून त्यांनी लिहिलेल्या १८ कादंबऱ्यांचे नायक आहेत नवाहो या आदिवासी जमातीचे पोलीस अधिकारी, जो लीपहॉर्न आणि जिम ची. नवाहोंचा मुलूख अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला. चार पुणे जिल्हे त्यात सहज मावतील, एवढा मोठा आणि बहुतेक सगळा वाळवंटी. ज्या घरात माणूस मेला त्या घरात पारंपरिक नवाहो पाऊल ठेवत नाही, ही साधी गोष्ट माहीत असली की गुन्हा कुणी केला नसेल हे लीपहॉर्नला कळतं, आणि बाहेरून आलेले एफबीआयवाले मात्र चाचपडत राहतात. हिलरमन त्याच भागात राहिले, हिंडले, लोकांशी बोलले. १९८७ मध्ये नवाहो लोकांनी त्यांचा आपले खास मित्र म्हणून सन्मान केला.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट. एका इंग्रज माणसानं आपल्या मुंबईचा, आपल्या मराठी आडनावाचा पोलीस अधिकारी नायक केला, त्याच्यावर दोन डझनांच्या आसपास पुस्तकं लिहिली आणि त्यातली पहिली दहा वर्षं त्यानं मुंबई काय, भारतच पाहिला नव्हता. त्याचं नाव एच. आर. एफ. कीटिंग.

हेन्री रेमंड फिट्झवॉल्टर कीटिंग यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९२६ चा, इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या सेंट लिओनर्ड्स या समुद्रकाठच्या गावातला. एवढं लांबलचक नाव ठेवण्यामागं वडिलांचा हिशोब होता. पोरगा पुढेमागे लेखक झाला, तर पुस्तकाच्या कण्यावर नाव शोभून दिसेल! (प्रत्यक्षात कण्यावर आद्याक्षरंच बसली, पण ती शोभली हे खरं.) दुसरं महायुद्ध संपता संपता ते सैन्यात गेले, तिथून सुटल्यावर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले आणि मग वर्तमानपत्रात नोकरीला लागले. आधी स्विंडनमधलं एक स्थानिक पत्र, मग लंडनला डेली टेलिग्राफ, मग टाइम्स. काम उपसंपादकाचं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं कापायचं, जुळवायचं, मथळे द्यायचे.

१९५३ मध्ये त्यांनी शीला मिचेल या अभिनेत्रीशी लग्न केलं. नवऱ्याला रहस्यकथा वाचायचा नाद आहे, तर तो त्या लिहीत का नाही, असं शीलाबाईंनी मागं लागून विचारलं आणि गडी लिहायला बसला. १९५९ मध्ये पहिली कादंबरी आली. १९६३ पर्यंत पाच झाल्या. इंग्लंडात त्या बऱ्या चालल्या, पण अमेरिकेतले प्रकाशक हात लावेनात. त्यांचं म्हणणं एकच, हे फारच इंग्रजी आहे.

इथं कीटिंग यांनी जे केलं त्याला धाडस म्हणायचं की व्यवहार, हे तुम्हीच ठरवा. अमेरिकेत खपायचं तर गोष्ट इंग्लंडबाहेर न्यायला हवी, म्हणून त्यांनी नकाशाचं पुस्तक उघडलं आणि बोट भारतावर ठेवलं. भारताशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण एक कल्पना डोक्यात घोळत होती. सगळं काही बिनचूक व्हायला पाहिजे हा आग्रह आणि प्रत्यक्षात होणारा सावळा गोंधळ, यांच्यात अडकलेला माणूस दाखवायचा होता. त्यासाठी मुंबई त्यांना योग्य वाटली. आपण मुंबईकडं पाहून याहून वेगळं काय म्हणतो?

नायकाचं नाव त्यांनी आधी ठरवलं होतं घोष. मुंबईच्या पोलिसाला हे बंगाली आडनाव कसं चालेल, असं जाणकारानं सांगितल्यावर घोषचा झाला घोटे. गणेश घोटे. गंमत म्हणजे बंगाल पुरता सुटला नाहीच. घोटेची बायको प्रोतिमा ही बंगालीच राहिली, आणि घरात शेवटचा शब्द बहुतेक वेळा तिचाच असतो. मुलाचं नाव वेद.

१९६४ मध्ये 'द परफेक्ट मर्डर' आली. नावातच थट्टा आहे. परफेक्ट हे एका पारशी सेक्रेटरीचं आडनाव, त्याच्या डोक्यात कुणीतरी प्रहार केलाय आणि पेपरवाले त्याला परफेक्ट मर्डर म्हणून मोकळे झालेत, वास्तविक परफेक्टसाहेब अजून जिवंत आहेत. त्याच वेळी एका मंत्र्याच्या टेबलावरून एक रुपया चोरीला जातो आणि त्याचाही तपास घोटेच्याच गळ्यात पडतो. भर म्हणून भारतीय पोलिसांची पद्धत अभ्यासायला युनेस्कोनं धाडलेला एक धिप्पाड स्वीडिश पाहुणा सतत मागं. बाहेर उकाडा, पाऊस येतो येतो म्हणतोय आणि येत नाही. या पुस्तकाला ब्रिटनच्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचं 'गोल्ड डॅगर' मिळालं आणि अमेरिकेतूनही विशेष पारितोषिक आलं. ज्या दारासाठी हा सगळा खटाटोप केला होता, ते उघडलं.

पण मुंबई न बघता मुंबई लिहायची कशी? कीटिंग लंडनमधल्या घरी बसून भारतातली वर्तमानपत्रं वाचायचे, नकाशे आणि प्रवासवर्णनं चाळायचे, भारतीय सिनेमे बघायचे, भारतात राहून आलेला कुणी भेटला की त्याला प्रश्न विचारायचे. बारीकसारीक तपशिलांच्या नोंदी ठेवायचे. हे म्हणजे निरगुडसरच्या चोरीचा तपास लंडनमध्ये बसून करण्यासारखं. पारावरच्या गप्पा त्यांच्या कानावर येण्याची सोयच नव्हती.

मला वाटतं, घोटे जसा झाला तो याच अडचणीतून. ज्या लेखकाला दर पानावर आपण चुकत तर नाही ना ही धाकधूक, त्याचा नायकही तसाच निघाला. त्या काळात आपल्याकडं बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय, झुंजार, काळा पहाड कुणाच्या बापाला भीत नव्हते. घोटे मात्र साहेबाला भितो, श्रीमंत साक्षीदारानं आवाज चढवला की गांगरतो, घरी उशिरा गेलो तर बायको काय म्हणेल याचा विचार करतो. पैसे खात नाही, पण त्याचा तोराही मिरवत नाही. कुणी हाकललं तरी पुन्हा येऊन तोच प्रश्न विचारतो. हुशारीपेक्षा हे चिवटपणच त्याच्या कामी येतं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस मुख्यालयात असा एखादा इन्स्पेक्टर सहज सापडला असता.

सगळं काही जमलं होतं असं नाही. घोटेच्या तोंडची इंग्रजी हा मोठा खटकणारा भाग. क्रियापदांना जिथं तिथं चालू काळ जोडायचा, वाक्याच्या शेवटी 'ओन्ली' टाकायचं, ही भारतीयांच्या इंग्रजीची नक्कल पानोपानी येते. आपसात मराठीत किंवा हिंदीत बोलणारी माणसं मनातल्या मनातही अशी मोडकी इंग्रजी का बोलतील, याचं उत्तर पुस्तकात मिळत नाही. मराठी वाचकाला हे टोचतं, आणि टोचायलाच हवं. हिलरमन नवाहोंच्या शेजारी राहिले. त्यांच्याही आधी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात हिंडलेल्या आर्थर अपफिल्ड यांनी, आई मूलनिवासी आणि बाप गोरा असलेला 'बोनी' हा डिटेक्टिव्ह उभा केला होता. हे अपफिल्ड १९६४ मध्ये वारले, म्हणजे घोटे जन्मला त्याच वर्षी. तिघेही परक्या समाजाचा पोलीस लिहीत होते, पण त्या मातीवर चालण्याचा अनुभव गाठीशी नसलेले कीटिंग एकटेच.

तो अनुभव त्यांना मिळाला तोही मजेशीर रीतीनं. मुंबई न पाहता मुंबईवर लिहिणारा एक लेखक आहे, ही खबर एअर इंडियाला लागली आणि त्यांनी फुकट प्रवासाचं आमंत्रण धाडलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, पहिली घोटे कादंबरी येऊन दहा वर्षं उलटल्यावर, कीटिंग मुंबईत उतरले. तोवर आठ-नऊ पुस्तकं होऊन गेली होती. मनातली मुंबई आणि डोळ्यापुढची मुंबई जुळली नाही तर घोटेचं काय, असा पेच होता. घोटे टिकला. १९७६ मध्ये आलेली 'फिल्मी, फिल्मी, इन्स्पेक्टर घोटे' ही कादंबरी थेट मुंबईच्या सिनेमा स्टुडिओत घडते.

पुढची पुस्तकं जास्त खोल आहेत, असं माझं मत. १९८६ ची 'अंडर अ मान्सून क्लाउड' घ्या. घोटे ज्याला देव मानतो तो 'टायगर' केळकर नावाचा वरिष्ठ अधिकारी एका घाटमाथ्यावरच्या चौकीत संतापाच्या भरात एका ढिम्म हवालदाराला दौत फेकून मारतो आणि तो मरतो. बाहेर पाऊस धो धो. घोटे प्रेत लपवायला मदत करतो. मग खात्याची चौकशी लागते. खरं बोललं तर नोकरी जाईल आणि घर उघड्यावर येईल, खोटं बोललं तर आजवर ज्या प्रामाणिकपणावर जगलो तो गेला. खुनी कोण हे पहिल्यापासून माहीत, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. कारण घोटे काय करणार, हे कळत नाही.

यादरम्यान इंग्लंडात कीटिंग यांचं वजन वाढत गेलं. टाइम्समध्ये त्यांनी पंधराएक वर्षं रहस्यकथांची परीक्षणं लिहिली. १९८० मध्ये 'द मर्डर ऑफ द महाराजा'ला दुसरं गोल्ड डॅगर मिळालं. १९८५ पासून २००० पर्यंत ते लंडनच्या डिटेक्शन क्लबचे अध्यक्ष होते. हीच खुर्ची कधीकाळी अगाथा ख्रिस्तींची होती. १९९६ मध्ये आयुष्यभराच्या कामासाठीचं 'डायमंड डॅगर' मिळालं. मधल्या काळात, १९८८ मध्ये, 'द परफेक्ट मर्डर'वर सिनेमा निघाला. निर्मिती मर्चंट-आयव्हरीची, दिग्दर्शक झफर हाय, पटकथेत कीटिंगही. घोटे झाले नसीरुद्दीन शाह आणि प्रोतिमा झाल्या रत्ना पाठक शाह. डोळ्यांतली ती घाबरट चिकाटी नसीरनी अशी पकडली की पुस्तक वाचताना पुढं त्यांचाच चेहरा दिसतो.

२००० मध्ये कीटिंग यांनी घोटेला निवृत्त केलं आणि हॅरिएट मार्टेन्स या इंग्रज महिला पोलीस अधिकाऱ्यावर लिहायला घेतलं. पण घोटे सुटेना. वयाच्या ऐंशीनंतर ते त्याच्याकडे परतले आणि २००८ मध्ये त्याची पहिली केस लिहिली. साठच्या दशकाची सुरुवात, घोटेला नुकतीच इन्स्पेक्टरपदी बढती मिळालेली, प्रोतिमाचे दिवस भरत आलेले, आणि त्याला तपासाला पाठवतात ते महाबळेश्वरला, एका इंग्रज बाईनं आत्महत्या का केली हे शोधायला. पुढच्या वर्षी आणखी एक पुस्तक आलं, तेच शेवटचं. २७ मार्च २०११ ला लंडनमध्ये ८४ व्या वर्षी कीटिंग वारले. शीलाबाईंनी पुढं त्यांचं चरित्र लिहिलं, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

घोटे वाचायचा असेल तर 'द परफेक्ट मर्डर'पासून सुरुवात करा, पण त्यावरून लेखकाला जोखू नका. दुसरं पुस्तक मान्सून क्लाउडचं घ्या, तेही पावसाळ्यात. महाबळेश्वरची केस त्यानंतर.