झेब्रा माशाची पहिली नोंद करणारा डॉक्टर: कोण होते फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन?

शांत, छोटे मासे मागितले की दुकानदार हमखास झेब्रा, हनी गौरामी किंवा ड्वार्फ गौरामी दाखवतो. हे तिन्ही मासे भारतीय उपखंडातले. तिघांचीही पहिली शास्त्रीय नोंद एकाच माणसाने केली.

फ्रान्सिस बुकानन यांचा जन्म १७६२ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरामध्ये डॉक्टर होऊन १७९४ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले. १८०७ ते १८१४ या काळात बंगाल प्रांताचं सर्वेक्षण करताना त्यांनी नद्यांमधले मासे अभ्यासले आणि स्थानिक चित्रकारांकडून चित्रं काढून घेतली.

१८१५ मध्ये भारत सोडताना यातली बरीच चित्रं त्यांना नेता आली नाहीत. तरीही १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरचं त्यांचं पुस्तक आलं. हनी गौरामीच्या शास्त्रीय नावातला ‘चुना’ हा शब्द त्यांनी स्थानिक बोलीतूनच उचलला. पुढे आईकडचं हॅमिल्टन हे आडनाव लावणाऱ्या या डॉक्टरांचं १८२९ मध्ये निधन झालं.

त्याच पुस्तकात छोटे मासे गिळणारे चितळ आणि मरळीची एक मोठी जातही आहे. म्हणजे एका नदीतले सगळे मासे एका टाकीत नांदतीलच असं नाही.

मग काय करायचं?
- झेब्रा किमान सहा घ्या, ते थव्यात राहतात.
- ड्वार्फ गौरामीचा नर एकच ठेवा, दोन नर भांडतात.
- हनी गौरामी बुजरा असतो, त्याला लपायला झाडं लावा.
- पिल्लू बघून भुलू नका. मासा मोठा झाल्यावर केवढा होतो, ते आधी विचारा.