ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या बालशिक्षणतज्ज्ञ आणि समाजसेविका होत्या. गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने त्यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे ती ग्रामीण व आदिवासी बालकांपर्यंत नेली. मुलाने शाळेला जुळवून घेण्याऐवजी शाळेनेच मुलाला जुळवून घ्यावे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

प्रारंभिक जीवन

ताराबाईंचा जन्म मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाच्या विचारांचे असल्याने मुलींच्या शिक्षणाला घरात मोकळीक होती. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु १९२१ साली दोघे विभक्त झाले. त्या काळी विभक्त स्त्रीला स्वतःच्या पायावर उभे राहणे सोपे नव्हते. ताराबाईंनी राजकोट येथील स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले.

भावनगर येथील कार्य

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. त्या प्रयोगाने आकृष्ट होऊन ताराबाई भावनगरला गेल्या. शिक्षा आणि बक्षीस या दोहोंना फाटा देऊन मुलाला स्वतःच्या गतीने शिकू देणे, हे या बालमंदिराचे वैशिष्ट्य होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या 'शिक्षणपत्रिका' या नियतकालिकाच्या संपादनातून ताराबाईंनी पालक व शिक्षकांमध्ये बालशिक्षणाचा विचार रुजविला.

पद्धतीचे मूळ

ज्या माँटेसरी पद्धतीवर हे कार्य उभे राहिले, तिचा उगम सामान्य शाळेत झालेला नाही. फ्रेंच वैद्य इटार्ड यांनी १८०० च्या सुमारास अ‍ॅव्हेरॉनच्या रानात सापडलेल्या, न बोलणाऱ्या मुलाला शिकविण्यासाठी खास साधने तयार केली. हा मुलगा स्वमग्न असावा, असे काही आधुनिक अभ्यासक मानतात. इटार्ड यांचे शिष्य सेग्वाँ यांनी ही साधने बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी विकसित केली. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये प्रथम अशाच मुलांना शिकविले आणि १९०७ साली तीच तत्त्वे बालगृहातील सर्वसामान्य मुलांसाठी वापरली. स्पर्श, आकार, रंग व ध्वनी यांतून शिकणे, एका वेळी एकच अडचण समोर ठेवणे आणि चूक साधनानेच दाखवून देणे, ही त्या साधनांची रचना होय. दट्ट्या चुकीच्या खाचेत बसत नाही, त्यामुळे मुलाला रागावण्याची वेळच येत नाही.

दादर ते बोर्डी

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. मात्र महागडी साधने आणि शहरी वातावरण यांमुळे ही पद्धत सुखवस्तू कुटुंबांपुरतीच राहील, ही जाणीव त्यांना अस्वस्थ करीत होती. १९४५ साली त्या तत्कालीन ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या कामात त्यांच्या सहकारी झाल्या व अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिल्या.

बोर्डीच्या वस्त्यांवरील मुले बालवाडीत येत नसत. धाकट्या भावंडांना सांभाळणे, शेळ्या राखणे, अंगावर धड कपडे नसणे अशी त्याची कारणे होती. ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे येथून दिवसाचे काम सुरू होई. आयात साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे, माती आणि बांबू आले. गणन, वर्गीकरण व लहानमोठेपणाची ओळख या वस्तूंतूनच होऊ लागली. तत्त्व तेच राहिले. खर्च मात्र गावाच्या आवाक्यात आला. यातूनच 'अंगणवाडी' ही संकल्पना आकारास आली.

कोसबाड

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. येथील मुले प्रामुख्याने वारली समाजाची होती. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणणाऱ्या 'विकासवाडी'मुळे मोठ्या बहिणीला भावंड सांभाळण्यासाठी शाळा सोडावी लागत नसे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर जात, ही 'कुरणशाळा' होय. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळा चालविली गेली. गैरहजेरीचा दोष मुलावर न टाकता तिचे कारण शोधून शाळेची वेळ, जागा आणि साधने बदलणे, ही कोसबाडची रीत होती.

निधन व वारसा

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी कोसबाडचे कार्य पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचविले. रत्नाकर मतकरी यांचे 'घर तिघांचं हवं' हे नाटक ताराबाईंच्या जीवनावर आधारित आहे.

ताराबाईंनी स्वमग्न मुलांसाठी स्वतंत्र काम केले नव्हते. स्वमग्नतेचे वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. भारतात तिला कायदेशीर स्थान मिळाले ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. तथापि या मुलांच्या आजच्या शिक्षणात तीच तत्त्वे दिसतात. दिनक्रमाची चित्रकार्डे, लहान टप्प्यांत विभागलेले काम आणि मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेले 'जेलो'सारखे चित्रांद्वारे संवाद साधणारे अ‍ॅप ही त्याची उदाहरणे होत. साधन शिंपल्याचे असो वा पडद्यावरचे, ते त्या मुलाच्या गरजेतून निवडलेले असावे लागते. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला अपात्र न ठरविता त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग शोधणे, हा ताराबाईंच्या कार्याचा स्थायी भाग मानला जातो.