बाई, राहिलेला गृहपाठ

ऑगस्ट १९७७. आम्ही दहावीत होतो. क्रांतिदिनाला पस्तीस वर्षे होत होती आणि हस्तलिखितात एक पान त्यावर हवे, असे इतिहासाच्या बाईंनी ठरवले होते. उषा मेहतांचे नाव त्यांनीच आम्हाला पहिल्यांदा सांगितले. त्या याच शहरात राहतात, विद्यापीठात शिकवतात. जाऊन भेटा, बोला आणि मग लिहा, असे बाईंनी बजावले. आम्ही चौघीजणींनी मोठ्या उत्साहाने माना डोलावल्या. मग पाऊस, चाचणी परीक्षा, कोणाच्या तरी घरचे लग्न असे काही ना काही निघत गेले. शेवटी वाचनालयातल्या पुस्तकातून दोन परिच्छेद उतरवले आणि पान भरून टाकले. बाई काही बोलल्या नाहीत. पानाखाली तांबड्या शाईने एक प्रश्नचिन्ह तेवढे काढले.

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा आठवले ते हे प्रश्नचिन्ह. म्हणून त्या पानाचे हे पुनर्लेखन.

उषाबेन मूळच्या सुरतजवळच्या सरस गावच्या. जन्म २५ मार्च १९२०चा. लहानपणीच त्यांनी गांधीजींना पाहिले होते. वयाच्या आठव्या वर्षी सायमन कमिशनच्या निषेधाच्या मिरवणुकीत त्या घोषणा देत चालल्या. मुलांच्या एका मिरवणुकीवर पोलीस धावून आले, झेंडा धरलेली मुलगी पडली आणि तिच्याबरोबर झेंडाही पडला. तेव्हा मुलांनी मोठ्यांकडून तिरंग्याच्या रंगांचे खादीचे कपडे शिवून घेतले आणि ते घालून पुन्हा रस्त्यावर आली. अंगावरचाच झेंडा हातातून पडणार कसा? वडील सरकारी न्यायाधीश, त्यामुळे घरात अडचण होती. १९३० मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढे कुटुंब मुंबईत आले. उषाबेन १९३९ साली विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि कायदा शिकू लागल्या.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच नेते तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. युद्ध सुरू झाल्यापासून हौशी मंडळींची प्रक्षेपण यंत्रे सरकारने आधीच जमा करून घेतली होती. चळवळीची खबर लोकांपर्यंत पोचायची कशी, हा प्रश्न होता. बावीस वर्षांच्या उषाबेन, बाबूभाई खक्कर, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी अशा काही तरुणांनी स्वतःचे आकाशवाणी केंद्रच उभारायचे ठरवले. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धनांसारखे भूमिगत नेते पाठीशी होते.

२७ ऑगस्टला चौपाटीवरच्या एका इमारतीतून काँग्रेस रेडिओ बोलू लागला. ४२.३४ मीटरवर ऐका, एवढे सांगितले जाई. ठिकाण मात्र भारतात कुठेतरी, एवढेच. सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजी असे दोन वेळा कार्यक्रम होत, पुढे संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. आरंभी 'हिंदुस्थान हमारा', शेवटी 'वंदे मातरम्'. आपल्या विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीत काय घडले, हे सरकार दाबून ठेवत होते. ते या रेडिओने सांगितले. लोहियांची भाषणेही त्यावरून जात. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून यंत्र घेऊन बिऱ्हाड सतत बदलावे लागे. सँडहर्स्ट रोड, लॅबर्नम रोड, महालक्ष्मी... अखेर गिरगावातली पारेखवाडी.

१२ नोव्हेंबर १९४२. त्या दिवसाबद्दल आमच्या पानावर एकच ओळ होती : पकडले गेले. खरे तर तो दिवसच मोठा आहे.

यंत्राचे काम करणारा तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला होता आणि त्याच्याकडून माहिती फुटली होती. पोलीस बाबूभाईंच्या कचेरीत शिरले तेव्हा उषाबेन तिथेच होत्या. त्या गडबडीतून महत्त्वाचे कागद घेऊन त्या निसटल्या आणि ध्वनिमुद्रण चाले तिथे गेल्या. संध्याकाळी काय होणार, हे आता सर्वांना दिसत होते. पुण्याला किंवा सुरतेला जाणारी गाडी पकडता आली असती. कोणी नाव ठेवले नसते. पण लोक साडेसातला कान लावून बसणार होते. ठरलेला कार्यक्रम करायचाच, असे ठरले.

उषाबेन आणि चंद्रकांत पारेखवाडीत गेले. कार्यक्रम लागला. शेवटची तबकडी चालू असताना दारावर धक्के बसू लागले. एकामागून एक तीन दारे फोडून पोलीस आत आले. तबकडी बंद करा, असा हुकूम झाला. 'वंदे मातरम्' चालू आहे, ते मध्येच थांबणार नाही, असे या दोघांनी सांगितले आणि थांबवले नाही.

आणि अडीच महिने देशभर पोचलेला हा आवाज त्यानंतर एकदम मिटला. सहा महिने चौकशी चालली, त्यांना एकांतात ठेवले, परदेशी शिक्षणाचे आमिषही दाखवले. त्या कोणाचेही नाव बोलल्या नाहीत. खटल्यात, प्रश्नांची उत्तरे देणे बंधनकारक आहे का, एवढे त्यांनी न्यायाधीशांना विचारले. नाही म्हटल्यावर, स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा उत्तर देणार नाही, असे सांगून गप्प राहिल्या. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार, चंद्रकांतना एक वर्ष शिक्षा झाली. ज्या तोंडाने बातम्या सांगायच्या, त्याच तोंडाने काय सांगायचे नाही, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. दहावीत आम्हाला यातले काही कळले नव्हते.

१९४६ मध्ये त्या येरवड्यातून सुटल्या, पण प्रकृती ढासळली होती. १५ ऑगस्ट १९४७चा सोहळाही अंथरुणामुळे हुकला. मग गांधीविचारावर डॉक्टरेट, विल्सन कॉलेजात तीस वर्षे अध्यापन, मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाचे प्रमुखपद. १९८० साली निवृत्ती, १९९८ मध्ये पद्मविभूषण. लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. ज्या रस्त्यावर कधी लपूनछपून यंत्र चालवले, त्याच रस्त्यावर! कायम खादी, राहणी अगदी साधी. २००० साली ९ ऑगस्टला अंगात ताप असतानाही त्या क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाला गेल्या. ११ ऑगस्टला त्या गेल्या.

बाईंनी सांगितल्यापासून तेवीस वर्षे उषाबेन याच शहरात होत्या. गिरगावातून मी किती वेळा गेले असेन, त्याची मोजदाद नाही. एकदाही कोणाला पारेखवाडी विचारली नाही. त्यांच्या तोंडून तो दिवस ऐकता आला असता. आम्ही चौघी गेलो असतो, तर हस्तलिखितात दुसरे काहीतरी राहिले असते, जे कोणत्याच पुस्तकात नाही. आता ते होणे नाही.

वर्गमित्र-मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीतही कोणी म्हातारे माणूस असेल. नातवंडांना त्यांच्याकडे पाठवा. शक्यतो पाऊस आणि चाचणी परीक्षा यांच्या आधी.

आणि बाई, पान उशिरा देते आहे. तांबडी शाई चालेल.