विश्लेषण : चेरोकी नेत्या नॅन्सी वॉर्ड यांचे वंशज कागदावर कसे सापडतात?

आपली खापरपणजी चेरोकी होती, असे सांगणारी कुटुंबे अमेरिकेत असंख्य आहेत. त्यातल्या बऱ्याच वंशावळी फिरून एकाच नावापाशी येतात : नॅन्सी वॉर्ड. हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाही. चेरोकी नेशनचे नागरिकत्व अशाच कागदांवर ठरते.

नॅन्सी वॉर्ड कोण होत्या?

मूळ नाव नान्येही. जन्म १७३८च्या सुमारास, आजच्या टेनेसी राज्यातील चोटा या चेरोकींच्या प्रमुख नगरात. आई लांडगा कुळातली. मामा अटाकुल्लाकुल्ला हे ब्रिटिशांशी बोलणी करणारे नामांकित नेते. १७३० मध्ये ते लंडनलाही जाऊन आले होते.

१७५५ मध्ये तालिवा येथे क्रीक जमातीशी लढाई झाली. पती किंगफिशर तीत मारले गेले. नान्येही तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या, दोन मुलांची आई. पती पडताच त्यांनी त्यांचीच बंदूक उचलली आणि लढाई सुरू ठेवली, असे परंपरा सांगते. त्यानंतर त्यांना ‘घिगाऊ’ हा मान मिळाला. घिगाऊ म्हणजे साऱ्या समाजाची प्रिय, आदरणीय स्त्री. तिला सभेत बोलता येई आणि कैद्याला जीवदानही देता येई. १७७६ मध्ये जाळून मारण्यासाठी आणलेल्या लिडिया बीन या गोऱ्या स्त्रीला त्यांनी याच अधिकाराने सोडवले.

१७८१ आणि १७८५च्या तहांच्या बैठकांत त्या शांततेच्या बाजूने बोलल्या. १८१७ मध्ये मात्र वृद्धापकाळी त्यांनी आणि इतर स्त्रियांनी आपल्या पुरुष नेत्यांना बजावले की आणखी जमीन विकू नका. उपयोग झाला नाही. दोन वर्षांत त्यांचा स्वतःचा मुलूखही तहात गेला. त्या ओकोई नदीकाठी राहायला गेल्या, तिथे खाणावळ चालवली आणि १८२२च्या सुमारास वारल्या.

मग ‘वॉर्ड’ आडनाव कुठले?

खरी गफलत इथेच होते. किंगफिशर यांच्यानंतर त्यांनी ब्रायंट वॉर्ड या गोऱ्या व्यापाऱ्याशी संसार केला. मुलगी झाली एलिझाबेथ. ब्रायंट यांची आधीची गोरी बायको साउथ कॅरोलिनात होती. पुढे ते तिकडेच परतले. त्या बायकोपासून झालेल्या जॉन या मुलाने चेरोकी घरात लग्न केले आणि त्याचीही संतती चेरोकी समाजात वाढली. म्हणजे आडनाव वॉर्ड, रक्तही चेरोकी, तरी नॅन्सी यांच्याशी नाते शून्य!

उलट नॅन्सी यांच्या खऱ्या वंशजांत हे आडनाव क्वचितच दिसते. किंगफिशर यांच्यापासून झालेली कॅथरिन आणि फाइव्हकिलर, शिवाय एलिझाबेथ, हीच तीन मुले. एलिझाबेथचे लग्न व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जोसेफ मार्टिन यांच्याशी झाले. आपल्याकडे गोत्र बापाकडून येते, चेरोकींत कूळ आईकडून. आडनाव पाहून शोध घेणारा पहिल्याच पिढीत चुकतो तो यामुळे.

कोणते कागद उपयोगी पडतात?

१८३५ची खानेसुमारी चेरोकींना हाकलण्याआधीची. तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव. बाकी घर म्हणजे नुसते आकडे. त्यामुळे बायका आणि मुले त्यात सापडत नाहीत. १८३८-३९च्या सक्तीच्या स्थलांतरात हजारो माणसे दगावली आणि उरलेली आजच्या ओक्लाहोमात पोहोचली. तिथली १८५१ची ड्रेनन यादी घरातल्या प्रत्येकाचे नाव देते.

सर्वांत बोलके कागद गियन मिलर अर्जांचे. न्यायालयाने भरपाई मंजूर केल्यावर १९०६ पासून ४५ हजारांहून अधिक अर्ज आले. अर्जदाराला आई-वडील, आजी-आजोबा, भावंडे यांची इंग्रजी आणि चेरोकी नावे लिहावी लागत. अनेक अर्ज फेटाळले गेले. पण तेही जपून ठेवले आहेत. १९२१ मध्ये एमेट स्टार यांनी चेरोकींचा इतिहास छापला. त्यात नॅन्सी यांच्या मुलांपासून पुढच्या शाखा दिल्या आहेत, म्हणून बहुतेक शोधक तिथून सुरुवात करतात.

वंशज ठरले की नागरिकत्व मिळते का?

नाही. चेरोकी नेशनला लागतो डॉज यादीतला थेट पूर्वज. ही यादी १८९८ ते १९०६च्या दरम्यान झाली आणि तीत तेव्हा हयात असलेल्यांचीच नावे आहेत. स्वतः नॅन्सी त्यात असणे शक्यच नाही. त्यांची एखादी नात गोऱ्या वस्तीत लग्न करून गेली असेल, तर तिचे वंशज खरे असूनही बाहेर राहतात. डीएनए चाचणीचा अहवाल इथे ग्राह्य धरत नाहीत.

याच यादीत चेरोकींच्या माजी गुलामांची वेगळी नोंद आहे. नॅन्सी यांच्याकडेही गुलाम होते, ही बाजू कौतुकाने लिहिलेल्या चरित्रांत सहसा एका ओळीत उरकली जाते. माजी गुलामांच्या वंशजांचा नागरिकत्वाचा हक्क न्यायालयात मान्य व्हायला २०१७ साल उजाडले.

नॅन्सी यांची कबर टेनेसीत बेंटन गावाजवळच्या टेकडीवर आहे. शेजारी मुलगा फाइव्हकिलर. तिथला दगड बसवला गेला १९२३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी.