दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म : डहाणू, १७ जानेवारी १९०५, मृत्यू : १९८६) हे संख्यांच्या गुणधर्मांवर संशोधन करणारे मराठी गणितज्ञ होते. कापरेकर स्थिरांक, कापरेकर संख्या, डेम्लो संख्या, हर्षद संख्या व स्वयंभू संख्या या संकल्पना त्यांच्या नावाशी निगडित आहेत.

जीवन

कापरेकर आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. त्यांचे वडील कारकून होते व त्यांना फलज्योतिषाची आवड होती. आकडेमोडीची गोडी कापरेकरांना घरातच लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले व १९२९ साली ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते.

डेम्लो संख्या

ही कल्पना त्यांना तत्कालीन जीआयपी रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या डेम्लो स्थानकावर सुचली. म्हणून हे नाव. केवळ १ हा अंक असलेल्या संख्यांचे वर्ग घेतल्यास १, १२१, १२३२१ अशी चढती-उतरती रचना दिसते. १११११११११ या नऊ अंकी संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हा सतरा अंकी आहे. त्यातील अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने त्या संख्येला निःशेष भागही जातो. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग असतो. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले असल्याने ही संख्या त्यांच्या दोन्ही व्याख्यांत बसते. दहा वेळा १ घेतल्यास मात्र हातचा आल्याने रचना मोडते व वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो.

इतर संशोधन

चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करावी व येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी (सुरुवातीचे शून्य गाळू नये). जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते. उदाहरणार्थ, ३५२४ पासून ३०८७, ८३५२ व नंतर ६१७४. हा स्थिरांक त्यांना १९४९ साली सापडला. पाच अंकी संख्यांना असा एकही स्थिरांक नाही.

कापरेकर संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केल्यास मूळ संख्या मिळते. २९७ चा वर्ग ८८२०९ असून ८८ व २०९ यांची बेरीज २९७ आहे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. येथेही २०४०८ व १२२४४९ मिळून मूळ संख्याच येते.

एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवून नवी संख्या तयार होते, जसे २१ पासून २४. जी संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून तयार होत नाही, उदाहरणार्थ २० किंवा ३१, ती स्वयंभू. या संख्यांना त्यांनी देवळालीचेही नाव दिले.

मान्यता

अनेक भारतीय गणितज्ञांनी हे काम क्षुल्लक मानले. त्यामुळे त्यांचे बरेच लेखन सामान्य नियतकालिकांत किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते व निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.