नाना पाटील (क्रांतिसिंह)

नाना रामचंद्र पाटील (मूळ आडनाव पिसाळ, जन्म : ३ ऑगस्ट १९००, मृत्यू : ६ डिसेंबर १९७६) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील सेनानी, सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारचे सर्वमान्य नेते आणि स्वातंत्र्योत्तर काळातील शेतकरी चळवळीचे पुढारी होते. जनतेने त्यांना ‘क्रांतिसिंह’ ही उपाधी दिली आणि पुढे तीच त्यांच्या नावाचा भाग बनली. काँग्रेस, शेतकरी कामगार पक्ष, कामगार किसान पक्ष आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष असा त्यांचा राजकीय प्रवास झाला. १९५७ मध्ये सातारा आणि १९६७ मध्ये बीड मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले.

प्रारंभिक जीवन

नाना पाटील यांचा जन्म बहे बोरगाव येथे झाला. त्यांचे मूळ गाव येडे मच्छिंद्र. ही दोन्ही गावे वाळवा तालुक्यातील असून तेव्हा ती सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे विभाजन झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० पासून सांगली जिल्हा हे नाव मिळाले. त्यामुळे नाना पाटील यांच्या चरित्रातील ‘सातारा’ हा आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा मिळून बनलेला प्रदेश आहे.

गावच्या मराठी शाळेतील शिक्षणानंतर त्यांनी तलाठ्याची सरकारी नोकरी पत्करली. जमिनीची नोंद, पीकपाहणी आणि शेतसाऱ्याचा हिशेब हे तलाठ्याचे काम. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्षात ती कोण कसतो, यातील अंतर गावात त्याच्याइतके जवळून क्वचितच कोणी पाहत असेल. पुढील आयुष्यात नाना पाटील यांच्या भाषणांत सावकार, सारा आणि कुळ हे विषय सातत्याने येत राहिले.

त्यांच्या जडणघडणीत सत्यशोधक चळवळीचा वाटा मोठा होता. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेला सत्यशोधक समाज विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सातारा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत रुजला होता. सत्यशोधक जलशांतून भटशाही आणि सावकारशाही यांवर टीका होत असे. या वातावरणात वाढलेल्या तरुणांच्या दृष्टीने परकीय सत्तेचा प्रश्न गावातील विषमतेपासून वेगळा नव्हता.

सविनय कायदेभंग आणि ग्रामीण प्रबोधन

१९३० मध्ये महात्मा गांधींनी सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू केली, तेव्हा नाना पाटील यांनी नोकरीचा राजीनामा देऊन काँग्रेसच्या कार्याला वाहून घेतले. समुद्रकिनारा नसलेल्या सातारा जिल्ह्यात मिठाच्या सत्याग्रहाऐवजी जंगल सत्याग्रह झाले. शिराळा भागातील बिळाशीचा सत्याग्रह त्यांपैकी विशेष गाजला. पुढील बारा वर्षांत नाना पाटील यांना वारंवार कारावास भोगावा लागला.

तुरुंगाबाहेर असताना ते गावोगाव पायी हिंडत. काँग्रेसचा संदेश त्यांनी शेतकऱ्याच्या बोलीत आणि शेतकऱ्याच्याच अनुभवातील दाखले देऊन मांडला. कर्ज काढून लग्न करणारा शेतकरी सावकाराच्या पाशात कसा अडकतो, हे ते सभांमधून समजावून सांगत. यातूनच कमी खर्चात, हुंडा व मानपान टाळून होणाऱ्या ‘गांधी लग्ना’चा प्रसार झाला. अस्पृश्यतानिवारण, व्यसनमुक्ती, अंधश्रद्धेला विरोध आणि शिक्षण हे त्यांच्या प्रचाराचे अन्य विषय होते. याच सुमारास केशवराव जेधे यांच्या पुढाकाराने ब्राह्मणेतर चळवळीतील अनेक कार्यकर्ते काँग्रेसमध्ये आले. त्यामुळे महाराष्ट्रातील काँग्रेसला ग्रामीण पाया मिळाला. साताऱ्यात हा पाया बांधणाऱ्यांत नाना पाटील अग्रभागी होते.

१९४२ चे आंदोलन

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ ठराव संमत होताच राष्ट्रीय नेत्यांची धरपकड झाली. सातारा जिल्ह्यात लोकांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे नेऊन तेथे तिरंगा फडकवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ३ सप्टेंबर रोजी तासगावचा मोर्चा यशस्वी झाला. मात्र ९ सप्टेंबरला वडूज येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह अनेकजण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथील मोर्चावर गोळीबार होऊन विष्णू बारपटे आणि किर्लोस्करवाडीचे उमाशंकर पंड्या यांना वीरमरण आले.

निःशस्त्र मोर्चांवरील या गोळीबारानंतर कार्यकर्त्यांनी भूमिगत राहून लढण्याचा मार्ग स्वीकारला. नाना पाटील भूमिगत झाले. सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस जाहीर केले आणि त्यांचे घर व जमीन जप्त केली. वृद्ध आई आणि मुलगी हौसाबाई यांना अत्यंत हलाखीचे दिवस काढावे लागले. तरीही १९४६ पर्यंत नाना पाटील पोलिसांच्या हाती लागले नाहीत. त्यांना आसरा देणाऱ्या शेकडो कुटुंबांचा या यशात मोठा वाटा होता.

प्रतिसरकार

१९४३ पासून भूमिगतांच्या कार्याला प्रतिसरकारचे स्वरूप आले. ब्रिटिश प्रशासनाला समांतर असा कारभार सुमारे १५० गावांत चालवला गेला. कुंडल हे त्याचे प्रमुख केंद्र होते. कुंडल त्या वेळी औंध संस्थानात मोडत असल्याने ब्रिटिश पोलिसांना तेथे मुक्तपणे वावरता येत नसे. याचा भूमिगतांना लाभ झाला. जी. डी. (बापू) लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, पांडुरंग पाटील (पांडू मास्तर) व नाथाजी लाड हे या कार्यातील प्रमुख नेते होते.

प्रतिसरकारचा दैनंदिन कारभार निरनिराळ्या गटांचे तरुण कार्यकर्ते पाहत. नाना पाटील यांच्याकडे सर्वांना जोडून ठेवणारे नैतिक नेतृत्व होते. कारभाराचे मुख्य अंग म्हणजे गावोगावची न्यायदान मंडळे. जमिनीचे वाद, सावकारी कर्ज आणि स्त्रियांवरील अन्याय यांसंबंधीचे निवाडे तेथे होत. खर्चिक आणि लांबणाऱ्या सरकारी न्यायालयाऐवजी गावातच निकाल मिळू लागल्याने लोकांचा विश्वास वाढला. संरक्षणासाठी तुफान सेना उभारण्यात आली. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवण्यात आली. एप्रिल १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यात सरकारी खजिना लुटण्यात आला. हौसाबाई पाटील याही भूमिगत कार्यात सहभागी झाल्या. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

दरोडेखोर, खबरे आणि जुलमी सावकार यांना दिल्या जाणाऱ्या कठोर शारीरिक शिक्षांमुळे हे सरकार ‘पत्री सरकार’ या नावाने ओळखले जाऊ लागले. तळपायाला पत्रे ठोकले जात, अशी समजूत त्यातून सर्वत्र पसरली. या शिक्षांविषयी तेव्हाही मतभेद होते आणि गांधीवादी अहिंसेशी त्या सुसंगत नव्हत्या. १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचे आवाहन केले, तेव्हा साताऱ्यातील बहुतेक कार्यकर्त्यांनी लढा चालू ठेवला. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यानंतर नाना पाटील यांचे भूमिगत जीवन संपले.

काँग्रेसमधील संघर्ष आणि शेतकरी कामगार पक्ष

स्वातंत्र्य दृष्टिपथात आले असताना महाराष्ट्र काँग्रेसमधील अनेक कार्यकर्ते अस्वस्थ होते. खेड्यातील माणसाने लढ्यात प्राण दिले, परंतु पक्षाची सूत्रे शहरी व धनिक वर्गाच्या हाती राहिली, अशी त्यांची तक्रार होती. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी नेत्यांनी १९४६ मध्ये काँग्रेसच्या अंतर्गतच शेतकरी कामगार संघ स्थापन केला. पक्ष न सोडता त्याचे धोरण शेतकरी आणि कामगार यांच्या बाजूने वळवणे, हा त्यामागील हेतू होता.

हा प्रयत्न फार काळ टिकला नाही. पक्षांतर्गत संघटित गट असू नयेत, अशी भूमिका काँग्रेसने घेतली. संघाचे रूपांतर शेतकरी कामगार पक्ष या स्वतंत्र पक्षात झाले आणि १९४८ मध्ये तो काँग्रेसपासून पूर्णतः वेगळा झाला. नाना पाटील या पक्षात दाखल झाले. ज्या काँग्रेसचा झेंडा खांद्यावर घेऊन त्यांनी अठरा वर्षे काढली, ती सत्तारूढ होत असताना त्यांनी तिचा त्याग केला. मंत्रिपदाची किंवा पक्षपदाची वाट त्यांच्यासाठी बंद नव्हती. तरीही त्यांनी विरोधी पक्षाचे कार्यकर्तेपण पत्करले.

शेतकरी कामगार पक्षाचे कार्यक्षेत्र मुख्यतः महाराष्ट्रापुरते होते. प्रतिसरकारमधील अनेक कार्यकर्ते त्यात आल्यामुळे सातारा आणि सांगली भागात पक्षाला तयार संघटना मिळाली. कसेल त्याची जमीन, सावकारी कर्जातून मुक्ती, शेतमालाला योग्य भाव आणि शेतमजुरांना पुरेसे वेतन या मागण्या घेऊन नाना पाटील पुन्हा गावोगाव हिंडू लागले. १९४८ मध्ये मुंबई राज्यात कुळकायदा झाला, तथापि कुळाला जमिनीचा मालक मानणारी तरतूद नंतरच्या दुरुस्तीने आली आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून ती अमलात आली. मधल्या काळात अनेक ठिकाणी कुळांना जमिनीवरून हुसकावण्याचे प्रकार झाले. कुळांना संघटित करणे हे त्या वर्षांतील डाव्या चळवळीचे महत्त्वाचे कार्य होते.

कामगार किसान पक्ष आणि किसान सभा

१९५० मध्ये शेतकरी कामगार पक्षाने दाभाडी येथे मार्क्सवादी भूमिकेचा प्रबंध स्वीकारला. तथापि ती भूमिका कितपत अमलात आणावी आणि कम्युनिस्ट चळवळीशी कसे संबंध ठेवावेत, यावरून पक्षात फूट पडली. नाना पाटील, दत्ता देशमुख आदींनी बाहेर पडून कामगार किसान पक्ष स्थापन केला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डाव्यांची शक्ती अशी विभागलेली होती आणि तिचा लाभ काँग्रेसला मिळाला. पुढे केशवराव जेधे काँग्रेसमध्ये परतले, तर नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५५ मध्ये डहाणू येथे भरलेल्या अखिल भारतीय किसान सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

संयुक्त महाराष्ट्र आणि लोकसभा

मुंबईसह मराठी भाषकांच्या राज्यासाठी झालेल्या आंदोलनाने फुटलेले डावे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीच्या रूपाने एकत्र आले. नाना पाटील यांच्या सभांना ग्रामीण भागात प्रचंड गर्दी होत असे. १९५७ च्या निवडणुकीत ते सातारा मतदारसंघातून कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून समितीच्या पाठिंब्याने निवडून आले. त्याच निवडणुकीत मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे कराडमधून अल्प मताधिक्याने विजयी झाले. चव्हाण हेदेखील १९४२ च्या लढ्यातील भूमिगत कार्यकर्ते होते.

नाना पाटील यांनी लोकसभेत मराठीतून भाषण केले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि समितीतील ऐक्य विरत गेले. १९६२ मध्ये सातारा मतदारसंघ काँग्रेसने जिंकला. तेथून निवडून आलेले किसन वीर हे प्रतिसरकारमधील नाना पाटील यांचे जुने सहकारी होते. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षात फूट पडल्यावर नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षातच राहिले. १९६७ मध्ये मराठवाड्यातील बीड मतदारसंघाने त्यांना लोकसभेवर पाठवले. आपल्या जिल्ह्यापासून दूर असलेल्या अवर्षणग्रस्त भागात मिळालेला हा विजय त्यांच्या राज्यव्यापी लोकप्रियतेचा निदर्शक ठरला.

व्यक्तिमत्त्व

धिप्पाड देहयष्टी, खडा आवाज आणि अस्सल ग्रामीण वाणी ही नाना पाटील यांची वैशिष्ट्ये होती. शेतीतील अनुभव, पुराणकथा आणि विनोद यांच्या साहाय्याने ते राजकीय विचार निरक्षर श्रोत्यालाही उमजेल असा मांडत. दोन वेळा खासदार होऊनही त्यांची राहणी अखेरपर्यंत साधी राहिली. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

नाना पाटील यांनी वारंवार पक्ष बदलले, असा आक्षेप घेतला जातो. मात्र प्रत्येक वेळी ते सत्तेपासून अधिक दूरच्या पक्षात गेले, ही वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते. सत्यशोधक संस्कारांतून आलेला गावातील विषमतेचा प्रश्न त्यांनी काँग्रेसमध्ये मांडला. काँग्रेसच्या चौकटीत तो सुटत नाही, असे वाटल्यावर त्यांनी तो शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट चळवळीत नेला.

त्यांच्या कार्याची मर्यादाही येथेच दिसते. प्रतिसरकारच्या काळात एकत्र असलेले कार्यकर्ते स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या पक्षांत विखुरले. सहकारी साखर कारखाने, बँका आणि जिल्हा परिषदा यांच्याद्वारे काँग्रेसने पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आपले वर्चस्व पक्के केले. नाना पाटील यांच्या सभांना लोटणारी गर्दी आणि डाव्या पक्षांना मिळणारी मते यांत अंतर राहिले. लोकांच्या प्रेमाचे रूपांतर टिकाऊ संघटनेत करणे डाव्या चळवळीला साधले नाही. तरीही नागनाथअण्णा नायकवडी यांनी वाळवा येथे उभारलेला, १९४६ मध्ये हुतात्मा झालेल्या किसन अहिर यांचे नाव असलेला सहकारी साखर कारखाना आणि त्या परिसरातील पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी झालेल्या चळवळी यांतून प्रतिसरकारचा वारसा पुढे चालत राहिला.

स्मृती

सातारा येथील जिल्हा रुग्णालय, शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि वाळवा येथील महाविद्यालय यांना क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव देण्यात आले आहे.